मोतीनगरच्या राणीची पाठराखीण

डोंगराच्या कुशीत करंजवाडी नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात साळू नावाची एक इवलीशी मुलगी राहायची. टपोरे डोळे, भुरभुरे केस आणि अंगावर परकर एकच. तो धुतला की वाळेपर्यंत ती आईचं जुनं लुगडं गुंडाळून चुलीपाशी बसायची आणि परकराला म्हणायची, "वाळ रे बाबा लवकर, मला खेळायला जायचंय." साळूला वडील नव्हते. आई होती, भागू तिचं नाव. भागू सरदारांच्या गढीवर भात कांडायची, दळण दळायची आणि संध्याकाळी मिळेल ते पदराच्या टोकात बांधून घरी आणायची. कधी कोंड्याची भाकरी, कधी नुसती पेज. त्या भाकरीतलाही चतकोर साळू गोठ्यातल्या लंगड्या वासराला नेऊन द्यायची. भागू त्यावर रागवायची नाही, कारण तिलाही ते वासरू आवडायचं.

गढीवर सरदारांची एकुलती एक लेक होती, कमळजा. केवड्यासारखी गोरी, लाजरी, रेशमाच्या कपड्यांत वाढलेली. तिच्या झुल्याला चांदीच्या कड्या होत्या, पण झोका द्यायला कुणी नव्हतं. मग साळू जायची झोका द्यायला. कमळजा मोठी होती, साळू एवढीशी. पण दोघींची गट्टी अशी जमली की गढीवरच्या बायका म्हणायच्या, ही पोर ताईसाहेबांची सावली आहे. दुपार कलली की दोघी परसात जाऊन गुलबक्षीची फुलं वेचायच्या. गुलाबी, पिवळी, पांढरी, काही तर अर्धी पिवळी आणि अर्धी गुलाबी. त्यांच्या लांब नाजूक देठांची दोऱ्याशिवाय वेणी गुंफायची आणि ती कमळजाच्या केसांत माळायची.

एक दिवस मोतीनगरच्या राजाकडून कमळजाला मागणी आली. सरदारांचा आनंद गगनात मावेना. गढीवर सनई वाजली, तोरणं लागली, लाडूंचे डोंगर उभे राहिले. सगळे होणाऱ्या राणीकडे कौतुकाने पाहत होते आणि होणारी राणी मात्र खिडकीतून साळूला शोधत होती.

आता आपल्याकडची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. नवी नवरी सासरी एकटी जात नाही. तिच्यासोबत एक पाठराखीण जाते. धाकटी बहीण असेल तर बहीण, नसेल तर ओळखीतली एखादी मुलगी. परक्या घरात नवरीच्या शेजारी झोपायचं, तिला तहान लागली तर पाणी द्यायचं, ती रडली तर तिचे डोळे पुसायचे, एवढंच पाठराखिणीचं काम. मग चार दिवसांनी नवरी माहेरी येते आणि तिच्याबरोबर पाठराखीणही आपल्या घरी परतते.

कमळजाला बहीण नव्हती. ती म्हणाली, "मला साळू हवी."

भागूने साळूच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली, आणि निघताना लेकीचा हात कमळजाच्या हातात दिला. "ताईसाहेब, माझं एवढंच एक लेकरू हाय. चार दिसांनी येईल न्हवं परत?"

"येईल गं भागूमावशी," कमळजा म्हणाली. "मी स्वतः घेऊन येईन."

तिने हे अगदी मनापासून सांगितलं होतं. तेव्हा तिला तसंच वाटत होतं.

मोतीनगरचा राजवाडा काय वर्णावा! भिंतींवर शिंपल्यांची चमचमती नक्षी, छताला निळ्या काचेची झुंबरं, अंगणात सोनेरी माशांचा हौद, आणि पायाखाली इतके मऊ गालिचे की साळूला वाटलं आपण चुकून कुणाच्या तरी गादीवरून चालतोय. राजवाड्यातली माणसं फार सावकाश चालत. त्यांना कुठे भाकरी करपायची भीती असते? राजा सूर्यकेतू दिसायला देखणा आणि मनाने चांगला होता. पण राजे लोक कितीही चांगले असले तरी घरी फारसे सापडत नाहीत. खरा कारभार होता राजमातांचा. त्या उंच आसनावर ताठ बसत. त्यांच्या मागे ठकू नावाची एक म्हातारी मोरपिसांचा पंखा हलवत उभी असे. ठकू कधी बोलत नसे आणि तिच्याकडे कुणी पाहतही नसे.

चार दिवस झाले. कमळजाने वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आईसाहेब, माहेरी जायला केव्हा निघायचं?"

राजमाता म्हणाल्या, "सूनबाई, मोतीनगरच्या राण्या माहेरी जात नाहीत. माहेरच्यांनी यावं आणि राणीला भेटून जावं."

"आणि माझी पाठराखीण?"

"ती नवरीबरोबर येते आणि नवरीबरोबरच जाते. तिला एकटी परत पाठवली, तर सासरच्यांनी नवरीला टाकलं असा लोक अर्थ काढतील. तुमच्या वडिलांना ते चालेल का?"

अशी ती दोन घरांच्या दोन रीतींची गाठ. राणी जाऊ शकत नाही म्हणून पाठराखीण जाऊ शकत नाही. कमळजाने मान खाली घातली. तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण खोटं कशाला सांगू, त्या वाईट वाटण्याच्या तळाशी तिला हायसंही वाटलं. एवढ्या मोठ्या परक्या राजवाड्यात आता साळू आपल्याजवळच राहणार, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

साळू त्या दिवशी बागेत जाऊन रडली. राजवाड्याच्या बागेत गुलाब होते, निशिगंध होता, निळी कमळं होती. पण अगदी मागच्या भिंतीशी, जिथे माळी फिरकत नसे, तिथे एक सुकलेलं गुलबक्षीचं झाड होतं. त्याची पानं माना टाकून बसली होती. साळूने डोळे पुसले, आपल्या पिण्याचा तांब्या आणला आणि सगळं पाणी झाडाला घातलं. रोज दुपारी ती तेच करू लागली. पावसाळा सरता सरता झाडाला इवल्या इवल्या कळ्या आल्या.

एका दुपारी कमळजा साळूला शोधत बागेत आली आणि बकुळीच्या झाडामागे थबकली. गुलबक्षीचं पहिलं फूल उमलत होतं. हळूहळू, हळूहळू पाकळ्या उलगडल्या आणि त्यातून अंगठ्याएवढी एक चिमुकली परी बाहेर आली. तिचा झगा अर्धा पिवळा, अर्धा गुलाबी. पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे झिरझिरीत, आणि ती हलली की हवेत केशरी कण भुरभुरत.

"तहानेने जीव चालला होता माझा," परी म्हणाली. "तू पाणी दिलंस. आता या झाडाला दरवर्षी पहिलं फूल येईल तेव्हा मी येईन आणि एक मागणं पुरं करीन."

साळूचे डोळे लकाकले. "मला माझ्या आईकडं..."

"थांब, थांब," परीने बोट ओठांवर ठेवलं. "आधी नियम ऐक. स्वतःसाठी काही मागायचं नाही. दुसऱ्यासाठी मागायचं. एका बहराला एकच मागणं. आणि जे माणसाला स्वतः करता येतं, ते परीकडे मागायचं नाही. मागितलंस तर फूल मिटेल आणि त्या बहराचं मागणं वाया जाईल." मग तिने बकुळीकडे पाहिलं. "झाडामागे उभी आहेस तीसुद्धा ऐक. मागणं तुम्हा दोघींत मिळून एकच. हिने तुझ्यासाठी मागावं, नाहीतर तू हिच्यासाठी."

कमळजा पुढे आली. साळूने तिच्याकडे पाहिलं. एक वाक्य, एवढंच हवं होतं. कमळजाने ओठ उघडले, आणि तिच्या डोळ्यांसमोर आपलं रिकामं दालन उभं राहिलं. ती गप्प बसली.

साळूने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती परीला म्हणाली, "आमच्या ताई दरबारात बोलल्या की बायका पदराआड हसतात. त्यांचं बोलणं सगळ्यांना गोड लागू दे."

"तथास्तु," परी म्हणाली, आणि फुलात शिरली.

दुसऱ्या दिवसापासून कमळजा बोलू लागली की दरबार कान देऊन ऐके. तिची डोंगरातली बोली आता सगळ्यांना आवडू लागली होती. कमळजाने साळूला जवळ घेतलं. "पुढच्या बहराला मी तुझ्यासाठी मागेन हं."

"व्हय, ताई," साळू म्हणाली.

पुढच्या बहराला महाराज लढाईत जखमी होऊन आले. वैद्यांनी हात टेकले. साळूने महाराजांसाठी मागितलं, आणि ते उठून बसले. त्याच्या पुढच्या बहराला कमळजाची कूस उजवावी म्हणून मागितलं, आणि पाळण्यात गुलाबी गालांचा राजपुत्र आला. मग राजपुत्राला डांग्या खोकला झाला. मग मोतीनगरच्या विहिरी आटल्या. राणीच्या आयुष्यात काही ना काही निघतच असतं, आणि दर वेळी ते साळूच्या आईपेक्षा मोठं दिसतं. दर वेळी कमळजा म्हणायची, "यंदा तुझीच पाळी होती गं." आणि साळू म्हणायची, "व्हय, ताई." हळूहळू हे बोलणं जेवताना पाणी मागण्याइतकं सवयीचं झालं.

एकदा सरदार लेकीला भेटायला आले, तेव्हा भागूने त्यांच्यासोबत एक गाठोडं पाठवलं होतं. त्यात हिरव्या खणाचा काठ लावलेला नवाकोरा परकर होता. भागूने दळणाच्या मजुरीतून कापड घेऊन तो हाताने शिवला होता. साळूने तो कमरेला लावून पाहिला. तो गुडघ्याच्याही वरच राहिला. साळू आता लुगडं नेसत होती.

"आईला वाटलं, मी तेवढीच हाय," ती हसत म्हणाली.

कमळजाने तिला जरीकाठी रेशमी लुगडं दिलं. साळूने आभार मानले आणि तो परकर नीट घडी करून उशाखाली ठेवला. कमळजाने ठरवलं, आता पुरे. पण तेवढ्यात राजपुत्र उठून रडू लागला, साळूने त्याला मांडीवर घेऊन थोपटलं, तो शांत झाला, आणि कमळजाचं ठरवलेलंही त्याबरोबर निजून गेलं.

असेच बहर आले आणि गेले. राजपुत्र लाकडी घोड्यावर बसू लागला. मग एका उन्हाळ्यात सरदार पुन्हा आले. आता ते काठी टेकत चालत होते. लेकीला एकटी गाठून ते म्हणाले, "कमळा, भागूला हल्ली दिसत नाही. आधी धूसर झालं, आता जवळजवळ काहीच नाही. तरी रोज वेशीवर येऊन बसते. कुणाची पावलं वाजली की विचारते, मेणा आला का. मला तिच्यासमोरून जायची चोरी झाली आहे."

हे साळूला लगेच सांगायला हवं, हे कमळजाला कळत होतं. ती साळूच्या दारापर्यंत गेलीही. आत साळू राजपुत्राला गाणं शिकवत होती. कमळजा परतली. आज नको, उद्या सांगू. उद्या सण होता. परवा पाहुणे होते. पावसाळा आला, पावसाळा सरत आला, आणि कमळजा दररोज साळूच्या डोळ्याला डोळा द्यायचं टाळत राहिली. मुलांनो, तिने आयुष्यात केलेली ही सगळ्यांत वाईट गोष्ट. हे मी नाही म्हणत, पुढे ती स्वतःच म्हणायची.

गुलबक्षीला कळ्या आल्या, तेव्हा कमळजा साळूच्या आधी बागेत जाऊन बसली. ऊन कलताच फूल उमललं. परी बाहेर आली.

"आज तू एकटीच?" परीने विचारलं.

"आज मी साळूसाठी मागते," कमळजा घाईघाईने म्हणाली, परत मन फिरेल या भीतीने. "तिला तिच्या आईकडे पोचव."

परीने मान हलवली. तिच्या मागे पाकळ्या एकेक करून मिटू लागल्या.

"असं का? मी दुसऱ्यासाठी मागितलं. माझ्यासाठी काही नाही मागितलं."

"हे तुला स्वतःला करता येतं, कमळजा," परी हळुवारपणे म्हणाली. "तू राणी आहेस. मेणा तुझा, भोई तुझे, करंजवाडीची वाट उघडी. तू कधीही म्हणाली असतीस तर साळू घरी गेली असती. पहिल्या वर्षीसुद्धा. यासाठी परी कशाला लागते?"

"पण रीत आहे. आईसाहेब म्हणाल्या होत्या..."

"तू त्यांना पुन्हा कधी विचारलंस?"

नव्हतं विचारलं. कमळजाने महाराजांनाही नव्हतं विचारलं. विचारलं असतं तर ते कदाचित हो म्हणाले असते, आणि तिला त्याचीच तर भीती होती.

"मग भागूमावशीचे डोळे," ती काकुळतीला आली. "ते तर माझ्या हातात नाहीत. ते दे."

"एका बहराला एकच मागणं. ते तू मागून बसलीस." परीचा आवाजही ओला झाला होता. ती फुलात शिरली आणि फूल पूर्ण मिटलं. कमळजा त्या भिंतीशी बसून पोटभर रडली. तिचे डोळे पुसायला कुणी नव्हतं, आणि ते बरंच होतं.

मग ती उठली, तोंड धुतलं आणि थेट राजमातांसमोर जाऊन उभी राहिली.

"आईसाहेब, मी साळूला घेऊन करंजवाडीला जाते आहे. लोक काय अर्थ काढायचा तो काढू देत. राणी माहेरी गेली म्हणून मला परत घेतलं नाहीत, तरी मी जाणार."

तिला वाटलं, आता वाड्याचं छत कोसळेल. राजमातांच्या मागे पंखा हलवणारा हात थांबला.

"ही माझी ठकू," राजमाता अखेर म्हणाल्या. "माझी पाठराखीण. माझ्याबरोबर आली तेव्हा तुमच्या साळूपेक्षाही लहान होती. बाहुलीचं लग्न अर्धं टाकून आली होती. माझ्या सासूबाईंनी मला ही रीत सांगितली, मी ऐकली आणि तुम्हाला सांगितली. मीही कुणाला पुन्हा विचारलं नाही, सूनबाई. आता हिला कुठे पाठवू? हिच्या घरातलं कुणी उरलं नाही."

ठकू पहिल्यांदाच बोलली. तिचा आवाज अगदी बारीक, मुलीसारखा होता. "राणीसाहेब, पोरीला न्या. आजच न्या."

"जा," राजमाता म्हणाल्या. "आणि राणी म्हणूनच परत या. वेशीवर कुणी अडवलं तर माझं नाव सांगा."

कुणीही अडवलं नाही. हेच कमळजाला पुढे आयुष्यभर टोचत राहिलं. वेशीवरच्या पहारेकऱ्याने तर मुजरा करून दार उघडलं.

निघण्यापूर्वी तिने साळूला सगळं सांगितलं. आईच्या डोळ्यांचं, उन्हाळ्यापासून लपवलेलं, आणि परीने सांगितलेलंसुद्धा. साळूने ते ऐकून घेतलं. ती कमळजावर ओरडली असती तर कमळजाला बरं वाटलं असतं. पण साळूने फक्त राजपुत्राचे केस विंचरले, त्याला दाईच्या कडेवर दिलं आणि ती मेण्यात जाऊन बसली. करंजवाडी येईपर्यंत ती बोलली नाही. कमळजाचीही काही विचारायची हिंमत झाली नाही.

गावाच्या वेशीवर, करंजाच्या झाडाखाली, भागू बसली होती. केस पांढरेशुभ्र, अंगाचं पार चिपाड झालेलं. भोयांची पावलं ऐकून ती उठली.

"मेणा आला का?" तिने विचारलं.

"आई," साळू म्हणाली.

भागूने हात पुढे केला. तो हात तिने खाली, आपल्या कमरेच्या उंचीला धरला, साळू गेली तेव्हा तिचं डोकं जिथे यायचं तिथे. हाताला डोकं लागलं नाही. लागला तो एका उंच बाईच्या लुगड्याचा काठ. भागूचा हात तिथेच थबकला, चाचपडला, मग हळूहळू वर गेला, कमरेवरून खांद्यावर, खांद्यावरून गालावर. गाल ओला होता.

"एवढी वाढली व्हय माझी साळू," भागू म्हणाली, आणि मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

कमळजाला ते पाहवेना. तिने मोतीनगरच्या राणीचा सगळा मान बाजूला ठेवला आणि भागूचे पाय धरले. "मावशी, मी चार दिवस म्हणाले होते. मला कुणी अडवलं नव्हतं. मी एकटी पडेन म्हणून हिला ठेवून घेतलं. माझं चुकलं. फार चुकलं."

भागू लेकीचा हात कुरवाळत राहिली.

"ताईसाहेब," ती शेवटी म्हणाली, "मला लई राग यायचा तुमचा. रोज यायचा. मग वाटायचं, एवढ्या मोठ्या घरात तुम्हाला पण भ्या वाटत असंल." तिने कमळजाला हाताला धरून उठवलं. "माझ्या लेकीनं तुम्हाला तरास न्हाई दिला न्हवं?"

कमळजाने तिचा हात आपल्या कपाळाला लावला.

ती दोन घास भागूच्या चुलीपाशी जेवली. दुपार कलली, भोई खोळंबले होते. कमळजा निघाली, तेव्हा साळू मेण्यापर्यंत आली. इतक्या वेळाने तिने पहिल्यांदा कमळजाच्या डोळ्यांत पाहिलं.

"ताई, मी पोचवायला येऊ का? तिकडं तुम्ही एकट्या पडाल. युवराज पण मला शोधंल. आईला घेऊन येते, दोघी येतो."

कमळजाच्या मनात हो आलं, ओठांपर्यंत आलं. भागूला राजवाड्यात काय कमी पडलं असतं? मऊ गाद्या होत्या, वैद्य होते, दूधदुभतं होतं. किती सोपं होतं. तिने भागूकडे पाहिलं. म्हातारीने साळूच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"नको," कमळजा म्हणाली. हा एवढा शब्द उच्चारायला तिला सगळं बळ लागलं. "तू घरी आली आहेस, साळू. आता इथेच राहा. मला आठवण आली तर मी येईन."

ती हे म्हणाली आणि भागूच्या अंगणातली, कुणी न लावता उगवलेली गुलबक्षी एकदम उमलली. गुलाबी, पिवळी, पांढरी, सगळीच्या सगळी फुलं एकाच वेळी. त्यातल्या एका इवल्या फुलातून ती चिमुकली परी बाहेर आली. आज तिचा झगा असा झळाळत होता की तुळशीवृंदावन, दारातली कोंबडी, भागूचं जुनेर, सगळंच सोनेरी दिसू लागलं.

"साळू," परी म्हणाली, "किती बहर आले, तू दर वेळी दुसऱ्यासाठी मागितलंस. मनात आई असताना मागितलंस. आज तू काही मागू नकोस. हे मी माझ्या आनंदाने देते."

ती भुर्रकन उडाली आणि तिने भागूच्या एका पापणीला, मग दुसऱ्या पापणीला आपले ओठ टेकले.

कमळजा पुढे झाली. "परी, मला एक सांग. साळूचं लहानपण परत देता येईल का? माझं जे आहे ते सगळं घे."

"ते माझ्याजवळ नाही गं," परी म्हणाली. "तुझ्याजवळही नाही." तिने कमळजाच्या गालाला हात लावला. तो स्पर्श फुलाइतका हलका होता. मग प्रकाश वाढत गेला, वाढत गेला, अंगणभर झाला, आणि त्यातच ती विरघळून गेली. हवेत थोडा वेळ केशरी कण भुरभुरले. त्यानंतर करंजवाडीत किंवा मोतीनगरात ती कुणालाच दिसली नाही.

भागूने डोळे उघडले. तिने डोळे किलकिले केले, चोळले, पुन्हा उघडले. ती राणीकडे पाहत नव्हती, फुलांकडेही नव्हती. समोर उभ्या असलेल्या उंच, सावळ्या, हसऱ्या बाईकडे ती पाहत राहिली. ओळखीची एकेक खूण शोधत राहिली.

"जरा वळ बघू," ती लेकीला म्हणाली. "मला नीट बघू दे."

साळू हसत गिरकी घेऊन वळली, आणि तेवढ्यात कमळजा कुणाला न कळता मेण्यात बसली. पडद्याआडून तिला मायलेकींचं बोलणं ऐकू येत होतं. आधी भागूचा आवाज, मग साळूचा, मग दोघींचं एकदम हसणं. भोयांनी मेणा उचलला. आत ऐसपैस जागा होती. कमळजा मात्र एका कडेला सरकून बसली होती, शेजारी कुणीतरी यायचं आहे अशी.